शर्मिष्ठेचा त्याग आणि आमच्या बहिणींची सही

थोड्या दिवसांमागे आमच्या डोंगरी-उत्तनच्या बाजूला एका बक्षीस समारंभास जाण्याचा योग आला. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ विद्वान होते, बोलणे गोड होते आणि वेळ संध्याकाळची होती. मुलींकडे वळून त्यांनी उपदेश केला तो असा, की खांडेकरांची 'ययाति' वाचा आणि देवयानी होऊ नका, शर्मिष्ठा व्हा. देवयानी म्हणजे अहंकार, शर्मिष्ठा म्हणजे त्याग. एकीने मागितले म्हणून ती दुःखी झाली, दुसरीने दिले म्हणून ती थोर झाली. टाळ्या पडल्या. माझ्या मागच्या रांगेत नातीबरोबर आलेली एक म्हातारी बसली होती. जन्मभर बांबूंवर बोंबील वाळवून आणि डोईवर पाटी घेऊन तिने घर चालवलेले. ती शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हणजे पोरींनी दासी व्हायचं काय?"

टाळ्यांत तो प्रश्न बुडाला. व्यासपीठावर तो पोचला नाही, आणि पोचला असता तरी उत्तर मिळाले असते असे वाटत नाही. सबब त्या म्हातारीचा प्रश्न आम्ही येथे पुन्हा विचारतो.

ज्यांच्या घरी ही कादंबरी आलेली नाही त्यांच्यासाठी आधी हकिकत सांगणे जरूर आहे. विष्णु सखाराम खांडेकर हे १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्यासारख्या खेड्यात शाळामास्तर होते. 'ययाति' त्यांनी पुढे लिहिली, ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला साहित्य अकादमीचा मान मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला तेव्हा मराठीत तो पहिलाच होता. कथा महाभारताच्या आदिपर्वातली. हस्तिनापूरचा राजा ययाति, त्याची राणी देवयानी ही असुरांचे गुरू शुक्राचार्य यांची कन्या, आणि शर्मिष्ठा ही असुरांचा राजा वृषपर्वा याची कन्या. शर्मिष्ठा राजकन्या असून देवयानीची दासी होते, आणि पुढे त्याच राजाच्या मुलाची आई होते. खांडेकरांनी ययाति, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांनाही आपापली कथा आपल्या तोंडाने सांगू दिली आहे. ग्रंथकाराची ही न्यायबुद्धी आम्ही कबूल करतो. आमचे भांडण ग्रंथकाराशी थोडे आणि त्याच्या नावाने उपदेशाची दुकाने मांडणाऱ्यांशी जास्त आहे.

आता तराजू पाहा. एका पारड्यात देवयानी, दुसऱ्यात शर्मिष्ठा. एक मत्सरी, दुसरी मायाळू. एक मानाची भुकेली, दुसरी प्रेमाची भुकेली. शाळेतला मास्तर हेच सांगतो, परीक्षेत मुले हेच लिहितात आणि व्याख्याते हेच घोकतात. जणू काय दोघींच्या स्वभावात फरक होता म्हणून एक राणी झाली आणि एक दासी झाली!

वाहवा! पण वाचकहो, दासीपण स्वभावाने येते काय? मूळ कथाच सांगते ते ऐका. दोघी मैत्रिणींसह जलक्रीडेस गेल्या. काठावरची वस्त्रे वाऱ्याने एकात एक मिसळली. घाईत शर्मिष्ठेने देवयानीचे वस्त्र नेसले. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. देवयानीने तिला हिणवले, तेव्हा शर्मिष्ठाही उसळली. तिच्या बोलण्याचा भाव असा, की तुझा बाप माझ्या बापाची स्तुती गाऊन मागतो आणि घेतो. मी देणाऱ्याची मुलगी, तू घेणाऱ्याची. मग तिने देवयानीला विहिरीत ढकलले.

ढकलले हे वाईट केले. त्याला आम्ही चांगले म्हणत नाही. पण दोन पोरींचे भांडण नदीकाठी रोज होते. विहिरीवर, नळावर, मासळीच्या बाजारात होते. चार घरची माणसे येतात, दोघींना दटावतात आणि संध्याकाळी दोघी एकाच चुलीपाशी बसतात. येथे तसे का झाले नाही? कारण एकीच्या मागे असा बाप होता, ज्याच्याजवळ मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या होती आणि ती विद्या तो दुसऱ्या कोणास देत नव्हता. देवयानी विहिरीतून निघाली, घरी निरोप गेला आणि शुक्राचार्य राजाला म्हणाले, आम्ही तुमचे राज्य सोडून चाललो. बस! एवढ्या एका वाक्याने सिंहासन हादरले. लढाईत मेलेले उठवणारा निघून गेला तर असुरांचे काय होणार? राजा पाया पडला, आमचे आहे ते सर्व तुमचेच म्हणाला. देवयानीने मागणी केली की शर्मिष्ठेने हजार दासींसह माझी दासी व्हावे, आणि माझा बाप मला जेथे देईल तेथे मागोमाग यावे.

येथे थांबा आणि विचार करा. शर्मिष्ठेच्या एका रागाची किंमत जन्माची गुलामगिरी. देवयानीच्या एका रागाची किंमत एक अख्खे राज्य. राग दोघींचा सारखाच होता. तराजूत फरक पडला तो मागे उभ्या असलेल्या माणसांच्या वजनाने. मग स्वभावाची ही मखलाशी कशासाठी? देवयानी शर्मिष्ठेच्या घरी जन्मली असती तर तीच दासी झाली असती, आणि आमचे पाहुणे तिच्या त्यागावर टाळ्या घेऊन गेले असते.

आणखी एक गोष्ट. त्या हजार दासी कोण होत्या? त्यांची नावे कोठे आहेत? त्यांनी कोणाला विहिरीत ढकलले होते? राजाच्या लेकीबरोबर त्या वाणासारख्या वाटल्या गेल्या. कोणाची तरी आई वाट पाहत बसली असेल, कोणाचे तरी लग्न ठरलेले असेल. शर्मिष्ठेचा त्याग निदान पुस्तकात उतरला, त्या हजारांचा कोणी अश्रूसुद्धा मोजला नाही. राजवाड्यातल्या दोघींच्या मत्सराच्या कथा वाचताना शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घराने प्रथम हे हजार आकडे पाहावेत, कारण आमच्या आज्या-पणज्या त्या रांगेत उभ्या होत्या.

कोणी म्हणेल, तुम्ही देवयानीचे शत्रू आहात. नाही. तिचीही कर्मकथा ऐका. बृहस्पतीचा मुलगा कच हा संजीवनी शिकायला शुक्राचार्यांकडे आला. असुरांनी त्याला तीनदा मारले आणि तिन्ही वेळा देवयानीने बापाच्या गळी पडून त्याला जिवंत करवले. तिसऱ्या वेळी तर त्याची राख मद्यात घालून ती गुरूलाच पाजली होती. एवढे करून विद्या हाती आल्यावर कच म्हणाला, मी तुझ्या बापाच्या पोटातून निघालो, सबब तू माझी बहीण. तिने रागाने त्याला शाप दिला आणि त्याने उलट शाप दिला, की कोणी ऋषिपुत्र तुझा हात धरणार नाही. काम झाले, नाते बदलले! आमच्या बाजारात याला काय म्हणतात ते येथे लिहीत नाही. पुढे नवराही असा मिळाला की त्याने तिच्या पाठीमागे दुसरा संसार मांडला. ही बाई कडवट झाली तर नवल कसले? तेव्हा देवयानी ही राक्षसीण आणि शर्मिष्ठा ही देवी, हा हिशेब खोटा आहे. दोघींवर अन्याय झाला. मात्र एकीच्या हाती दुसरीला चिरडण्याचे हत्यार होते आणि दुसरीच्या हाती काही नव्हते. स्वतः दुखावलेल्या माणसाच्या हाती असे हत्यार आले की तो ते वर मारत नाही, खाली मारतो. देवयानीचा खरा दोष एवढाच, आणि तो आमच्या घराघरांत आहे.

आता तिसरा माणूस पाहा. दोघींच्या मधोमध जो बसला आहे, त्याला कोणी तराजूत घालत नाही! शुक्राचार्यांनी लग्नातच बजावले होते की शर्मिष्ठेला मानाने वागव, पण शेजेवर बोलावू नकोस. राजाने मान डोलावली. मग अशोकवनाजवळ ठेवलेल्या शर्मिष्ठेला मुले झाली. महाभारताप्रमाणे तीन, खांडेकरांच्या कथेत एकच, पुरू. देवयानीला कळले, तिने बापाला सांगितले, आणि राजाला म्हातारपणाचा शाप मिळाला. त्यावर ययातिने काय केले? म्हातारपण भोगले काय? छे! मुलांपुढे हात पसरला, की तुमचे तारुण्य मला द्या. महाभारतात चार मुलांनी नाही म्हटले, त्यांत शर्मिष्ठेचेही दोन होते. धाकट्या पुरूने दिले. बापाच्या भोगाची किंमत मुलाने भरली, आणि तोही दासीच्या पोटचा मुलगा! खांडेकरांनी ययातिला आजच्या भोगलोलुप माणसाचे प्रतीक मानले, ते अगदी बरोबर आहे. पण आमचे व्याख्याते ययातिला सोडतात आणि दोन बायकांना झुंजवतात. भांडण दोघींचे, भोग त्याचा, आणि उपदेश मुलींना!

हा उपदेश आजचा नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून हेच विचारले होते, की पुरुषांच्या अंगचे दोष बायकांच्या पदरी का बांधता? त्यांच्यावर गहजब उठला, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्याआधी १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीरावांनी सांगितले होते की ज्यांना पुराणांनी राक्षस ठरवले ते या भूमीचे रक्षक होते. शर्मिष्ठा ही असुरकन्या. ज्या असुरकुळांत आपल्या बळीराजाची गणना होते, त्याच बाजूची ही लेक. तिचे राजकन्यापण गेले तेव्हा कथेतला कोणी हळहळला नाही, आणि दासीपण तिने गोड मानले तेव्हा मात्र साऱ्यांनी वाहवा केली. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मराठी रंगभूमीनेही कोणाचे नाव वर काढले? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९१३ चे 'विद्याहरण' कच-देवयानीचे. वि. वा. शिरवाडकरांचे १९६६ चे 'ययाति आणि देवयानी', तेथे नावात राजा आहे, राणी आहे, दासीला जागा नाही. उलट बंगालात मायकेल मधुसूदन दत्त यांनी १८५९ साली नाटक प्रसिद्ध केले त्याचे नावच 'शर्मिष्ठा'. दत्त हे १८४३ साली ख्रिस्ती झालेले गृहस्थ. पुराणातल्या दासीचे नाव पहिल्या पानावर त्यांनी ठेवले. आणि गिरीश कर्नाड यांनी १९६१ साली आलेल्या आपल्या कानडी 'ययाति'त पुरूच्या बायकोला, चित्रलेखेला, उभे करून विचारायला लावले, की यांनी तारुण्य दिले, पण माझे काय? हा प्रश्न मोलाचा आहे. त्याग करणारा एकटा कधीच देत नसतो. त्याच्या पाठीमागे ज्यांना विचारले नाही अशांचेही त्यात जाते.

आमच्या गावात ख्रिस्ती घरे पुष्कळ आहेत. त्यांना ही कथा परकी वाटायचे कारण नाही. बायबलात उत्पत्तीच्या पुस्तकात सारा आणि हागार आहेत. सारेला मूल होईना म्हणून तिने आपली दासी हागार हिला नवऱ्याकडे दिले. दासीला दिवस गेले तसा दोघींत मत्सर पेटला. पुढे सारेला मुलगा झाला, आणि अब्राहामाने हागारेला भाकरी व पाण्याची मसक देऊन लेकरासह रानात घालवून दिले. तेथेही बाया भांडल्या आणि घरधनी दाराशी उभा राहिला. पण त्या ग्रंथात एक गोष्ट आहे. हागार पहिल्यांदा पळाली तेव्हा देवदूताने तिला विचारले, की तू कोठून आलीस आणि कोठे चाललीस. परत जा, असेच त्याने सांगितले, हे खरे. तरी विचारले तर! आणि त्या दासीने देवाला पाहणारा म्हणून नाव दिले. शर्मिष्ठेला हस्तिनापुरात हा एवढा प्रश्नही कोणी विचारला नाही, की बये, तू कोठून आलीस आणि तुला कोठे जायचे आहे?

आता पुस्तक मिटून घरात या.

डोंगरी म्हणजे टेकडीवरचे गाव, पलीकडे समुद्र. ज्या वरकस जमिनीवर आमच्या बापजाद्यांनी भात आणि भाजी काढली, तिला आता मुंबईच्या शेजारामुळे भाव आला आहे. भाव आला की बहिणीची आठवण येते. एरवी सणाला न बोलावलेली बहीण एक दिवस सन्मानाने आणली जाते. कोंबडी होते, साडी होते, आणि जेवण झाल्यावर कागद पुढे येतो. हक्कसोडपत्र. "ताई, तुला काय कमी आहे? तू आमची मायाळू. माहेर तुटू द्यायचे नसेल तर येथे सही कर." बाजूच्या घरची बहीण कोर्टात गेली, तिचे उदाहरण दिले जाते: कशी हावरट, कशी भावाच्या मुळावर उठली! झाले. एक देवयानी, एक शर्मिष्ठा. पाहुण्यांचे व्याख्यान येथे फळाला येते.

मी परक्याच्या घरचे सांगत नाही. आमच्याच घरात माझ्या आत्याने सही केली. मी तेव्हा लहान होतो. अंगणात बसलेल्या माणसांनी तिला देवमाणूस म्हटले, आणि मलाही ती देवीसारखी वाटली. पुढे नवरा वारल्यावर ती दुसऱ्यांच्या घरी भांडी घाशीत होती. माझ्या बापाने तिला दरवर्षी तांदूळ पाठवले आणि त्याबद्दल गावात शाबासकीही घेतली. ते तांदूळ तिच्याच वाट्याच्या जमिनीत पिकले होते, हे मला कळायला चाळीस वर्षे लागली. आज मी हा लेख लिहितो, तो शहाणपणा मिरवण्यासाठी नव्हे. त्या ताटातले मीही खाल्ले आहे.

भावजयीचे आणि नणंदेचे वाकडे, असे आपण म्हणतो. पण सही कोणाच्या फायद्याची? भावजय म्हणते, नणंद वाटा मागते. नणंद म्हणते, भावजयीने भावाला फितवले. दोघी एकमेकींचे उणे काढत बसतात आणि भाऊराया बिचारा मधे गप्प! भांडण दोघींचे, सातबारा त्याचा. उद्या हीच भावजय आपल्या माहेरी कागदावर बसवली जाईल, तेव्हा ती कोणाच्या जागी असेल?

कायदा काय म्हणतो ते प्रत्येक घराला ठाऊक असावे. ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता बाप गेला, तर मुलांच्या वाट्यात मुलगा आणि मुलगी यांत त्या कायद्याने भेद केलेला नाही. हिंदू घरांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा. त्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही. म्हणजे बहीण भावाजवळ भीक मागत नाही. जे तिचे आहे ते ती आपले म्हणते. तिला हावरट म्हणणारा माणूस स्वतःच्या हातात काय आहे ते आधी पाहील काय?

यावर शहाणे म्हणतील, की मग प्रेम, माया, त्याग हे सारे बुडवायचे काय? घराघरांत कोर्टकचेऱ्या लावायच्या काय? बाबांनो, आम्ही तसे म्हणत नाही. ज्याच्या हाती आहे त्याने समजून उमजून दिले तर ते दान. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्याकडून घेतले तर ती वसुली. वसुलीला त्याग म्हणून नाव दिले की घेणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणारीला रडता येत नाही. शर्मिष्ठेने आपल्या कुळासाठी दासीपण पत्करले, हे तिचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. पण तिच्या मोठेपणाच्या आड जे लपले, तो घाबरट बाप, तो धमकावणारा गुरू आणि तो भोगी राजा, त्यांना आरती ओवाळायला आम्ही तयार नाही. तिला पूजण्याऐवजी कोणी एकाने त्या दिवशी वृषपर्व्याला म्हटले असते, की राजा, राज्य तुझे, किंमत तूही भर, तर ते खरे पूजन झाले असते.

आणि एक गंमत पाहा. एवढे सारे करून शेवटी राज्यावर कोण बसला? दासीचा मुलगा पुरू! थोरल्या यदूला, शुक्राचार्यांच्या नातवाला, सोडून धाकट्याला गादी कशी, म्हणून प्रजेने हरकत घेतल्याचे महाभारतच सांगते. तरी पुरू बसला. पुढे भरत, कुरू, पांडव, सारे त्याच वंशातले. ज्या कुळाच्या नावाने महाभारत झाले, ते त्या दासीच्या पदराखाली वाढले. म्हणजे राणीचे रक्त मोठे आणि दासीचे हलके, ही गोष्ट त्यांच्याच ग्रंथाने खोटी पाडली. पण ज्या आईने तो वंश दिला तिला दासीपणातून मोकळी करण्याचा मोठा सोहळा कोठे वर्णिलेला नाही. मुलगा घेतला, आईचा हिशेब राहिला. आमच्याकडेही असेच होते.

तेव्हा बहिणींनो, कोणी तुम्हाला शर्मिष्ठा व्हा म्हणाला, तर त्याला विचारा, की मग वृषपर्वा कोण होणार, शुक्राचार्य कोण होणार आणि ययाति कोण होणार? कागद पुढे आला तर साडीची घडी मोडण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर परक्याकडून वाचवून घ्या, आणि एक रात्र मधे जाऊ द्या. मग द्यायचे असेल तर ताठ मानेने द्या, घ्यायचे असेल तर ताठ मानेने घ्या. आणि बंधूंनो, तुम्ही ज्या दिवशी बहिणीला जेवायला बोलवाल त्या दिवशी कागद पेटीत ठेवा. जेवण गोड लागेल.

मुलींनी 'ययाति' जरूर वाचावी. तिघांचेही ऐकावे. फक्त वाचताना दोघींपैकी चांगली कोण, हा प्रश्न बाजूस ठेवून दोघींना झुंजवून कोणाचे फावले, हा प्रश्न हाती धरावा. त्या म्हातारीने सभेत जे विचारले त्याचे उत्तर आमच्यापुरते असे: नाही आजी, पोरींनी दासी व्हायचे नाही. राणीही व्हायचे नाही. दासींच्या जिवावर राहणारी राणी आम्हाला नको. आपल्या वाट्याच्या भुईवर उभे राहून माणूस व्हावे, एवढे पुरे आहे.

— एक डोंगरीकर